भोंवरा मेला कीं जिवंत?

रिंगणांत दोन भोंवरे फिरत आहेत. भोंवतीं दहा-पंधरा मुलांचें कोंडाळें जमलें आहे. एका भोंवऱ्याचा वेग मंदावतो, तो कलतो, त्याचें पोट जमिनीला निसटतें लागतें, आणि तरीही तो पडत नाहीं. लटपटत आणखी दोन गिरक्या घेतो. तेवढ्यांत दुसरा भोंवरा आडवा होतो. "मेला!" असें एक पक्ष ओरडतो, "अजून जिवंत आहे!" असें दुसरा तितक्याच जोरानें ओरडतो. पुढें काय होतें, तें महाराष्ट्रांतील कोणत्याही आळींत वाढलेल्या माणसाला सांगावयास नको. खेळ बाजूला राहतो, भांडण सुरू होतें, आणि ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचा थोरला भाऊ जवळ उभा, त्याचा भोंवरा जिवंत ठरतो.

हें भांडण पोरकट म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. खेळाचा नियम म्हणजे काय, तो संदिग्ध कां राहतो, आणि स्पष्ट कसा करावा लागतो, हे सारे प्रश्न या एका लाकडी खेळण्याच्या इतिहासांत एकवटले आहेत. कुस्तींत अंगावर आलेला डाव उलटवितां येतो. चेंडू चुकला तर धांवून अडवितां येतो. भोंवऱ्याचें तसें नाहीं. एकदां जाळी सुटली कीं खेळाडूची सत्ता संपली. तो नुसता साक्षीदार उरतो. म्हणून या खेळांतले तंटे बहुतेक दोनच क्षणांभोंवतीं गोळा होतात: भोंवरा हातांतून सुटण्याचा क्षण आणि तो मरण्याचा क्षण.

भोंवरा फार जुना आहे. प्राचीन इजिप्तच्या अवशेषांत तो सांपडतो, आणि ग्रीक लोकांच्या तर तो इतका परिचयाचा होता कीं, तत्त्वज्ञांनाही दृष्टांतासाठीं त्याचीच आठवण व्हावी. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या चौथ्या भागांत असा प्रश्न येतो कीं, एकाच जागीं आर रोवून फिरणारा भोंवरा स्थिर म्हणावा कीं चल म्हणावा? सॉक्रेटिसाच्या मुखानें तेथें जें उत्तर दिलें आहे तें कोणत्याही पंचानें ध्यानांत ठेवावें असें आहे. भोंवऱ्याचा अक्ष स्थिर असतो आणि त्याचा घेर फिरत असतो. परंतु अक्षच डावी-उजवीकडे किंवा पुढें-मागें कलला, तर त्याला कोणत्याही अर्थानें स्थिर म्हणतां येणार नाहीं. म्हणजे वाद मिटविण्याचा पहिला उपाय आवाज चढविणें हा नसून, कोणत्या अंगाविषयीं आपण बोलतों आहों तें आधीं वेगळें करणें हा आहे. ग्रीक कवि कॅलिमॅकस याच्या नांवावर असलेल्या एका लहानशा काव्यांत तर मिटिलीनीचा पिटॅकस हा ज्ञानी पुरुष, लग्नाविषयीं सल्ला मागावयास आलेल्या परक्या माणसाला चव्हाट्यावर भोंवरे फिरविणाऱ्या मुलांकडे पाठवितो. आणि आपापली वाट सोडूं नये, अशा अर्थाची त्या मुलांची आरोळी हाच त्याला सल्ला मिळतो. मोठ्यांनीं त्या आरोळींतून नीति काढली. मुलांच्या दृष्टीनें मात्र तो खेळाचा साधा नियम होता. नियम लिहून ठेवण्याच्या कितीतरी आधीं तो असा ओरडून सांगितला जात असे.

महाराष्ट्रांतही भोंवऱ्याचे नियम असेच तोंडीं राहिले. कातारी लांकूड कांतून भोंवरा करतो, त्याच्या टोंकाला लोखंडी आर ठोकतो. मुलगा त्यावर जाळी गुंडाळतो आणि हाताला झटका देऊन तो जमिनीवर सोडतो. आर जमिनीला टेकण्यापूर्वींच जाळीच्या हिसक्यानें भोंवरा वर उचलून तळहातावर झेलला कीं ती हातजाळी. एवढें सर्वत्र सारखें आहे. पुढचा खेळ मात्र गांवोगांवीं निराळा. ज्याचा भोंवरा फिरला नाहीं किंवा आधीं पडला, त्यानें तो रिंगणांत ठेवावयाचा आणि इतरांनीं आपल्या आरीचे घाव त्यावर घालावयाचे, ही रीत पुष्कळ ठिकाणीं आढळते. परंतु घाव किती घालावे? रिंगणाच्या रेघेवर असलेला भोंवरा आंतला कीं बाहेरचा? हातजाळी घेतली तर पडलेला भोंवरा सुटतो कीं नाहीं? एका आळीचें उत्तर दुसऱ्या आळीला मान्य नसतें.

तोंडीं नियमांत दोष आहे, तसें एक सामर्थ्यही आहे. विटीदांडूच्या खेळांत वकट, लेंड, मुंड, नाल अशी मोजणी महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ही मोजणी करणाऱ्या मुलांना ते तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या अंकांशीं जुळणारे शब्द आहेत याची कल्पनाही नसते. ग्रंथ नाहीं, मंडळ नाहीं, पंच नाहीं. तरी नियम भाषेची सीमा ओलांडून आला आणि टिकला. ज्या ठिकाणीं सर्व खेळाडू एकमेकांना ओळखतात, उद्यां पुन्हां त्यांनाच एकमेकांबरोबर खेळावयाचें असतें, त्या ठिकाणीं न लिहिलेला नियम पुरतो. फार लबाडी करणाऱ्याला दुसऱ्या दिवशीं कोणी खेळांत घेत नाहीं. हीच तेथील शिक्षा. परकी आळी समोर आली कीं ही शिक्षा लटकी पडते, आणि तेथेंच लिखित नियमाची गरज उत्पन्न होते.

इंग्लंडांतही हीच स्थिति होती. युरोपांत भोंवऱ्याचा खेळ किती रुजला होता याची साक्ष पीटर ब्रूगेल या चित्रकाराच्या १५६० सालच्या मुलांच्या खेळांच्या प्रसिद्ध चित्रांत मिळते; त्यांत चाबकानें भोंवरा फिरविणारीं मुलें आहेत. इंग्रज मुलांच्या आरीच्या भोंवऱ्याचा खेळ तर मराठी मुलाला आपलाच वाटावा. जमिनीवर वर्तुळ काढावयाचें, भोंवरा त्यांत मारावयाचा. फिरून बाहेर निघाला तर तो सुटला, आंतच पडला तर मेला, आणि मेलेल्यानें इतरांच्या आरीचे घाव सोसावयाचे. जोझेफ स्ट्रट यानें १८०१ सालीं इंग्लंडच्या लोकक्रीडांवर ग्रंथ लिहिला. पुढें अ‍ॅलिस गॉम या विदुषीनें १८९४ आणि १८९८ सालीं दोन खंडांत इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथील पारंपरिक खेळांचा कोश प्रसिद्ध केला. एकाच खेळाचीं परगण्यापरगण्यांतलीं रूपें त्यांत शेजारीं शेजारीं मांडलीं आहेत. हें काम मोलाचें होय. परंतु संग्रह करणें निराळें आणि नियमन करणें निराळें. संग्राहक "येथें असें खेळतात, तेथें तसें खेळतात" एवढें सांगून थांबतो. दोन गांवांचा सामना लागला असतां कोणाचें खरें मानावें, हें सांगणें त्याचें कर्तव्य नव्हे.

तर मग निसर्गालाच विचारावें काय? भोंवरा केव्हां मरतो याचा निकाल शास्त्र देऊं शकेल, असें वाटणें स्वाभाविक आहे. १८९० सालीं लीड्स येथें ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनांत जॉन पेरी या शास्त्रज्ञानें कामगारवर्गापुढें भोंवऱ्यावरच व्याख्यान दिलें, आणि तें पुढें पुस्तकरूपानें निघून फार लोकप्रिय झालें. वेगानें फिरणारी वस्तु आपल्या अक्षाची दिशा सहजासहजीं सोडीत नाहीं. भार तिला खालीं ओढूं लागला, तर ती लगेच न पडतां तिचा अक्ष हळूहळू एका शंकूच्या आकारांत फिरूं लागतो. वेग पुरेसा असतो तोंवर भोंवरा ताठ उभा राहून हालतच नाहींसा दिसतो. इंग्रज मुलें त्याला 'झोंपलेला भोंवरा' म्हणतात. घर्षणानें वेग घटला कीं तो डुलूं लागतो, डुलण्याचा घेर वाढतो, पोट जमिनीला घांसतें, आणि शेवटीं तो कुशीवर लोळत लोळत थांबतो.

येथेंच खरी अडचण आहे. या साऱ्या क्रमांत मरणाची अशी एकच ठळक रेषा कोठेंही नाहीं. डुलणें म्हणजे मरण कीं घांसणें म्हणजे मरण? कुशीवर लोळणारा भोंवरा मेला म्हणावा, कीं अजून फिरतो म्हणून जिवंत समजावा? शास्त्र प्रत्येक अवस्थेचें कारण सांगेल. परंतु यांतील कोणती अवस्था पराभव मानावी, हें शास्त्र सांगणार नाहीं. ती निवड माणसांनीं करावयाची असते, आणि खेळ सुरू होण्यापूर्वीं करावयाची असते. पडल्यानंतर केलेली निवड ही निवड नसते. तो पक्षपात असतो.

ही निवड शहाणपणानें केल्याचें उत्तम उदाहरण मलाया देशांत सांपडतें. तेथील भोंवऱ्याला 'गासिंग' म्हणतात. तो मुलांचें खेळणें नसून प्रौढ पुरुषांचा खेळ आहे. विशेषतः कलांतान प्रांतांत त्याची फार प्रतिष्ठा आहे. मोठा गासिंग सुमारें पांच किलो वजनाचा असतो, आणि तो फेंकावयास पहिलवानाचा खांदा लागतो. मलायी लोकांनीं या खेळाचे दोन स्वतंत्र प्रकार पाडले. एकाचें नांव 'उरी'. त्यांत कोणाचा भोंवरा अधिक वेळ फिरतो एवढेंच पाहावयाचें. भोंवरा जमिनीवर सोडला कीं सोबती तो एका पातळ फळीवर अलगद उचलून घेतो आणि धातूचें टोंक बसविलेल्या लहानशा खुंटावर ठेवतो. तेथें उत्तम भोंवरा दोन दोन तास फिरत राहिल्याचें सांगतात. दुसरा प्रकार 'पांकाह'. त्यांत प्रतिपक्षाच्या फिरत्या भोंवऱ्यावर आपला भोंवरा आदळून त्याला पाडावयाचें किंवा वर्तुळाबाहेर घालवावयाचें.

या विभागणींत मोठें मर्म आहे. आपल्या आळींतल्या खेळांत अधिक वेळ फिरणें, नेम धरून मारणें आणि रिंगणांतून बाहेर पडणें या तीन निरनिराळ्या गोष्टींची एकाच डावांत परीक्षा होते. म्हणून एक मुलगा म्हणतो, "माझा अधिक वेळ फिरला". दुसरा म्हणतो, "पण मीं तुझा उडविला". आणि दोघेही खरें बोलत असतात. मलायी खेळाडूंनीं एका सामन्यांत एकाच गुणाची परीक्षा ठेवली. उरीच्या खुंटानें तर जमिनीचा खडबडीतपणाही हिशेबांतून काढून टाकला. पुष्कळ संदिग्ध नियम शब्द कमी पडल्यामुळें संदिग्ध नसतात. काय मोजावयाचें हेंच ठरलेलें नसतें, म्हणून ते संदिग्ध असतात.

जपाननें दुसरा मार्ग धरला. तेथील 'बेगोमा' हा लहानसा भोंवरा मूळ शंखाचा असे. पुढें विसाव्या शतकांत तो ओतीव लोखंडाचा झाला. पिंपावर जाड कापड ताणून बसवितात, त्याला मध्यें किंचित् खोलगट ठेवतात, आणि भोंवरे त्यावर सोडतात. जो कापडावरून खालीं फेंकला जाईल तो हरला. येथें रेघ नाहीं, म्हणून रेघेवरचा वादही नाहीं. सीमेचा निकाल पंचाच्या डोळ्याऐवजीं पिंपाच्या कडेनेंच लावला. परंतु एक दार बंद केलें कीं तंटा दुसऱ्या दारानें येतो. मुलें आपले बेगोमा कानशीनें घांसून त्यांचा आकार बदलूं लागलीं. टोंक बारीक करावें, कडा धारदार कराव्या, उंची कमी करावी. मग प्रश्न असा कीं, जिंकलें कोण? हात कीं कानस?

साधनाविषयींचा हा प्रश्न मोठ्यांच्या खेळालाही चुकला नाहीं. १७७१ सालीं इंग्लंडांत चर्टसी आणि हॅम्बल्डन यांच्या क्रिकेटच्या सामन्यांत व्हाइट नांवाचा खेळाडू यष्ट्यांइतकी रुंद फळी घेऊन खेळावयास उतरला. त्यानें नियम मोडला नव्हता. कारण फळीच्या रुंदीविषयीं नियमच नव्हता. हॅम्बल्डनच्या खेळाडूंनीं लेखी आक्षेप नोंदविला, आणि १७७४ च्या सुधारलेल्या नियमांत फळीची रुंदी सव्वाचार इंचांपेक्षां अधिक असूं नये असें ठरलें. ती मर्यादा आजही कायम आहे. या प्रसंगांत शिकण्यासारखें असें कीं, हॅम्बल्डनकरांनीं व्हाइटला लबाड ठरविण्यांत शक्ति खर्च केली नाहीं. त्यांनीं नियमांतलें छिद्र बुजविलें.

महाराष्ट्रानें आपल्या कांहीं खेळांच्या बाबतींत हेंच कार्य केलें, आणि तें अभिमानास्पद आहे. १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें खोखोचे नियम बांधले. १९२३ सालीं बडोद्यास हिंदविजय जिमखान्यानें हुतूतूचे सामने भरविले. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें देशी खेळांचें प्रदर्शन केलें. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला स्थान मिळालें, आणि २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तुकोबांनीं ज्या हुतूतूवर अभंग रचले, तो खेळ गल्लींतून जगाच्या मैदानावर गेला, त्याच्या मुळाशीं स्पष्ट नियम आहेत.

या खेळांनाही "मेला कीं जिवंत" हाच प्रश्न सोडवावा लागला, हें विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. हुतूतूचे जुने प्रकार तीन: संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनींत प्रतिपक्षाचा गडी मेला कीं आपला मेलेला गडी उठतो. गामिनींत मेलेला गडी संपूर्ण पक्ष मरेपर्यंत बाहेरच राहतो. अमरांत मेलेलाही मैदानांतच राहून खेळतो, फक्त गुण मोजला जातो. तीनही रीती आपापल्या परीनें न्याय्य आहेत; अन्याय होतो तो एक पक्ष संजीवनी समजून आणि दुसरा गामिनी समजून खेळूं लागला म्हणजे. नियमकर्त्यांनीं प्रत्येकाला निराळें नांव दिलें आणि सामन्यापूर्वीं एक निवडावयास लावलें. दमाचा प्रश्नही असाच. चढाई करणाऱ्याच्या छातींत श्वास टिकला कीं नाहीं, हें कोणाला दिसणार? म्हणून त्यानें 'कबड्डी कबड्डी' असा स्पष्ट, अखंड उच्चार ऐकूं येईलसा करावा, असें ठरलें. जें आंत असल्यामुळें दिसत नाहीं त्याला बाहेरची, सर्वांना पटेल अशी खूण नेमून द्यावयाची, ही नियम करण्याची खरी कला होय.

भोंवऱ्याच्या वाट्याला असें नियमन अगदीं निराळ्या मार्गानें आलें. १९९९ सालीं जपानमधील ताकारा या खेळणीं बनविणाऱ्या कंपनीनें बेगोमाच्या कल्पनेवर 'बेब्लेड' नांवाचा नवा भोंवरा काढला आणि तो भारतांतील शहरांतही पोंचला. जाळीच्या जागीं दांतेरी पट्टीचें किंवा दोरीचें यंत्र आलें, पिंपाच्या जागीं खोलगट ताटली आली, आणि स्पर्धा भरूं लागतांच जुनेच प्रश्न नव्या मुलांनीं विचारले. इशाऱ्याआधीं सोडला तर काय? दोन्ही एकदम थांबले तर काय? २०२३ सालच्या 'बेब्लेड एक्स' या प्रकारांत उत्तरें कोष्टकानें दिलीं आहेत: प्रतिपक्षाचा भोंवरा आधीं थांबला तर १ गुण, तो ताटलीच्या खळग्यांत गेला किंवा त्याचे भाग सुटले तर २, वेगाच्या जोरावर मधल्या खळग्यांत फेंकला गेला तर ३, आणि आधीं ४ गुण मिळविणारा विजयी. बरोबरी झाली तर गुण कोणालाच नाहीं, डाव पुन्हां. निर्जीव वाटेल, पण या कोष्टकांत आळींतल्या तीनही परीक्षांना, म्हणजे टिकण्याला, बाहेर घालविण्याला आणि फोडण्याला, आपापली जागा आणि आपापली किंमत मिळाली आहे.

या सर्व इतिहासावरून आपल्या लाकडी भोंवऱ्याचा सामना भरविणाऱ्यांस कांहीं गोष्टी उघड दिसतील. भोंवऱ्याचें वजन आणि आरीची लांबी आधीं पाहावी. टिकण्याचा सामना आणि मारण्याचा सामना वेगळे ठेवावे. सर्वांनीं एकाच इशाऱ्यावर जाळी सोडावी. इशाऱ्यापूर्वीं सुटलेला भोंवरा पुन्हां सोडावयास लावावा. रेघ आंतली कीं बाहेरची, हें रेघ काढतांनाच सांगावें. आरीखेरीज भोंवऱ्याचा कोणताही भाग जमिनीला लागला कीं तो मेला, अशी एकच, डोळ्यांना दिसणारी खूण धरावी. म्हणजे घांसून पुन्हां सावरलेल्याचा वाद उरत नाहीं. हातजाळीला स्थान द्यावयाचें असेल तर तें नांव घेऊन द्यावें. दोघे एकदम पडले, किंवा पंचाला खरोखर दिसलें नाहीं, तर डाव पुन्हां खेळावा. संशयाचा निकाल कोणाच्याही पदरांत टाकूं नये. आणि पंच म्हणून ज्याचा भोंवरा रिंगणांत नाहीं असाच मनुष्य असावा.

कोणी म्हणेल कीं एवढे नियम घातल्यावर खेळाची मौज काय उरली? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. खोखो आणि कबड्डी मैदानावर आल्या तेव्हां आळीआळींच्या कितीतरी रीती आणि आरोळ्या मागें पडल्या, हें मान्य केलें पाहिजे. नियमाला ही किंमत मोजावी लागते. परंतु अस्पष्ट नियमाचीही एक किंमत असते, आणि ती नेहमीं एकाच पक्षाकडून वसूल होते. ज्याच्याजवळ चार भोंवरे आहेत त्याचा एक आरीच्या घावांनीं फुटला तर तो दुसरा काढतो. ज्याच्याजवळ आईच्या मागें लागून मिळविलेला एकच भोंवरा आहे, त्याचा भोंवरा वादांत "मेला" ठरून रिंगणांत ठेवला गेला कीं त्याचा खेळ त्या दिवशींच संपतो, आणि पुष्कळदां त्या मोसमापुरता संपतो. त्याला कोणीं हरविलें असतें तर त्यानें सोसलें असतें. त्याला नुसतें ओरडून गप्प केलेलें असतें, हें तो विसरत नाहीं.

खेळांत हार असणारच. जो नियम आधीं सांगितलेला आहे, सर्वांना सारखा आहे आणि डोळ्यांना दिसतो, त्यानें झालेली हार मुलगा हंसत पदरांत घेतो, जाळी गुंडाळतो, आणि दुसऱ्या दिवशीं रिंगण काढण्याच्या वेळीं सर्वांच्या आधीं हजर असतो.